मुका मार

मला राग लवकर येतो आणि आला की थेट हातापर्यंत पोचतो. हे आधीच सांगून टाकते, कारण वेणूबाई भोंडव्यांची गोष्ट माझा राग बाजूला ठेवून सांगताच येत नाही. आई म्हणायची, "ललिता, तुझ्या नाकावर राग आणि हातात स्क्रूड्रायव्हर. दोन्हींतलं एक काहीतरी खाली ठेवत जा." मी काहीच खाली ठेवलं नाही, आणि ते दुसऱ्याच बाईला भोवलं.

साल दोन हजार एक. विश्रांतवाडीला आळंदी रोडवर माझं एका शटरचं दुकान होतं, संघमित्रा कॉम्प्युटर्स. पुण्याला तेव्हा आयटीची बाधा झाली होती. ज्यांना टीव्हीचा अँटेना धड फिरवता यायचा नाही त्यांनीही कॉम्प्युटर घेतले होते आणि वर क्रोशाची कव्हरं घालून ठेवले होते. हार्डवेअरचा कोर्स करून मी घरोघर दुरुस्तीला जायचे. दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघायचा. "दुरुस्त करणारे कुठे आहेत?" "मीच." "नाही, म्हणजे प्रत्यक्ष दुरुस्त करणारे?" "ते आज सुटीवर आहेत, मी चालेन का?" माझी निम्मी गिऱ्हाइकं या तोंडामुळेच तुटली.

वेणूबाईंनी तसलं काही विचारलं नाही. खडकीच्या क्वार्टर्समध्ये पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "हँग होतं हो सारखं. आणि कधी झालं ते मला कळतच नाही."

"कळत नाही म्हणजे? समोर बाण थांबलेला दिसत नाही का?"

"मी समोर बघते कुठे?"

मग त्यांनी करूनच दाखवलं. वेणूबाई टाइपरायटरवर शिकलेल्या. खडकी बाजारातल्या इन्स्टिट्यूटमध्ये सर म्हणे विद्यार्थ्यांच्या बोटांवर पुठ्ठा धरायचे, की कुणी बटणांकडे बघू नये. नजर डाव्या बाजूच्या हस्तलिखितावर, बोटं आपली आपण चालणार. कॉम्प्युटर तिसऱ्या ओळीला थांबला तरी या बाई दोन पानं ठोकत पुढे. पान उलटताना मान वर करायच्या तेव्हा कळायचं की सगळं वाऱ्यावर गेलं. मी विचारलं, मधेमधे सेव्ह का नाही करत? तर म्हणाल्या, "टाइपलेलं कुठे जातं? कागदावर असतंच की." मला हसू आलं. त्याही हसल्या. मला त्या तिथेच आवडल्या, उगाच कशाला नाकारू.

माहेर लोणी काळभोर. सतराव्या वर्षी लग्न, मूल नाही. दहावी लग्नानंतर केली, टायपिंग त्यानंतर. कॉम्प्युटर एका ऑफिसनं वायटूकेच्या, म्हणजे सन दोन हजार लागताच यंत्रं बिघडतील या, धास्तीनं काढून टाकलेला, तो टायपिंगच्या कमाईतून स्वतः घेतलेला. आणि आता एका सरकारी खात्यात टंकलेखकांची भरती निघाली होती. चाचणी कॉम्प्युटरवर, मराठी मिनिटाला तीस शब्द, सप्टेंबरच्या तेवीस तारखेला, रविवारी. वयाची अट अडतीस. वेणूबाईंना ऑक्टोबरात अडतिसावं संपत होतं. "ही चुकली की पुन्हा फॉर्मच भरता येणार नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या.

स्पीड बेचाळीस होता. मी घड्याळ लावून बघितला. यंत्र तेवढं चालायला हवं होतं.

मी कॅबिनेट उघडलं. धूळ झाडली, पंखा फिरवून बघितला, मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवली. कॅबिनेटच्या एका अंगाला चांगलाच पोचा होता.

"हे काय झालं?"

"पडलं."

जमिनीवर ठेवलेलं कॅबिनेट कुठून पडणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं कॉम्प्युटरचं होतं ना, माणसांचं नव्हतं.

दोन दिवसांनी फोन, पुन्हा हँग. मी यंत्र उचलून दुकानात आणलं आणि तीन दिवस अखंड चालू ठेवलं. एकदाही अडखळलं नाही. परत नेऊन जोडलं तर दुसऱ्याच दिवशी हँग. दुकानात शहाणं आणि घरी वेडं. मी मीटर घेऊन गेले, व्होल्टेज बघितलं, अर्थिंग बघितलं. सगळं ठीक. मग मला आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती आठवली. यंत्र हँग झालं की पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळही तिथेच थांबतं. मी म्हटलं, "वेणूबाई, दोन आठवडे एक काम करा. बंद पडलं की कोपऱ्यातली वेळ लिहून ठेवा. काय चालू होतं, काय नव्हतं, काही नको. फक्त वेळ आणि वार."

सप्टेंबरच्या अठराला, मंगळवारी, मी ती यादी बघायला गेले. कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात वेळा लिहिल्या होत्या. पहिला आठवडा: तीन पस्तीस, चार दहा, तीन चाळीस, तीन पन्नास. दुसरा आठवडा: सहा पाच, सहा वीस, सहा दहा. रविवारी मात्र सकाळी अकराला, एकला, साडेचारला, सातला.

मी आपली डोकं खाजवतेय. "संध्याकाळी पाण्याची मोटर चालू होते का?"

"नाही."

"शेजारी कुणी वेल्डिंग करतं? मोठा मिक्सर? इस्त्री?"

"नाही हो."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. वेणूबाईंनी हात पुसले, सरावाची पानं गोळा केली आणि गादीखाली सरकवली. ते त्यांनी इतक्या सवयीनं केलं की मी बघतच राहिले. त्यांचा नवरा कोंडीराम त्या कारखान्यात फिटर आहे, एवढं मला माहीत होतं. मी यादीवर पुन्हा बोट फिरवलं.

"पहिल्या पाळीला ते किती वाजता घरी येतात?"

"साडेतीन."

"आणि जनरलला?"

"सहा."

मी यादीकडे बघितलं. वेणूबाई जमिनीकडे बघत होत्या. "मला वाटलं, वाचून तुम्हाला कळेल," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांगायला नको."

मी पुन्हा कॅबिनेट उघडलं, आणि या वेळी काय शोधायचं ते माहीत होतं. मेमरीच्या खाचेला केसाएवढी चीर. मदरबोर्ड एका स्क्रूपाशी वाकलेला. म्हणूनच दुकानात नीट चालायचं. तिथे ते कुणी हलवत नव्हतं, इथे एक दणका बसला की पट्टी खाचेतून कणभर सरकायची आणि सगळं थिजायचं. "याला मुका मार लागलाय," मी म्हटलं. "वरून काही दिसत नाही, आतून मोडलंय."

"मुका मारच बरा," वेणूबाई म्हणाल्या. "लोकांपुढे झाकावा लागत नाही." मग पदर सावरत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्यांनी सांगितलं, की हे रोजचं नाही. हे कामावरून आले आणि मी टाइप करताना दिसले की. आधी यंत्राला मार, मग मला. पोटऱ्या, पाठ, दंडाची आतली बाजू. "कुठे द्यायचा ते ह्यांना बरोबर कळतं. नोकरी लागली की मी खोली घेणार आहे, ललिताताई. एकटीची. अजून पाच दिवस राहिलेत. तेवढे दिवस हे यंत्र चालतं ठेवा आणि ह्यांना काही बोलू नका. दुसरं काही मागत नाही."

मी हो म्हणाले. अगदी गळ्याची शपथ घेतल्यासारखं हो म्हणाले.

चीर गेलेल्या खाचेतली पट्टी काढून शेजारच्या खाचेत बसवली, यंत्र सुरू केलं, तोवर कोंडीराम आलाच. शेजारच्या मथुराबाई विरजण मागायला आल्या होत्या, त्याही दारात होत्या. माणूस दिसायला चांगला. दाढी केलेली, शर्ट खोचलेला. बूट काढून भिंतीला नीट लावून ठेवले. "आला का ताई. च्या घेतला का?" असंही विचारलं. मला वाटलं होतं कुणी लाल डोळ्यांचा राक्षस येईल.

"काय झालंय मशिनला?" तो म्हणाला.

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले. इथपर्यंत मी ठीक होते.

तो हसला. "अवो, मशीन हाय ते. ऐकंना झालं की एक द्यावी लागती." आणि त्यानं कॅबिनेटवर पंजा आपटला. पडद्यावरचा बाण जागीच थिजला. त्यानं बाजूनं दुसरी दिली, आणि बाण हलला. "झालं का न्हाई? कोर्स करून जमत न्हाई ते." मग वेणूबाईंकडे बघून म्हणाला, "आमच्या घरातलं समदं असंच चालतंय."

"कारखान्यात लेथला पण अशीच देता का हो?"

"लेथला? नोकरी जाईल की."

"म्हणजे कुठे मारायचं आणि कुठे नाही ते कळतं तुम्हाला."

तो हसायचा थांबला. वेणूबाईंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. ते मला दिसलं. दिसूनही मी थांबले नाही. कोंडीराम त्यांच्याजवळ गेला, दंडाचं मांस चिमटीत धरलं आणि पिळलं. "हिला काय सांगितलंस?" वेणूबाईंचे नुसते डोळे भरले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या कानशिलात अशी वाजवली की मथुराबाईंच्या हातातली वाटी पडली. तो वळला, तर कॅबिनेटचं पत्र्याचं झाकण माझ्या हाताशी होतं, ते त्याच्या डोक्यात घातलं. भुवईवर कातडं फाटलं, रक्त डोळ्यात उतरलं, आणि तो मटकन खाटेवर बसला.

"काय झालं?" मी म्हणाले. "हँग झालात का?"

हे वाक्य मी त्या संध्याकाळी आईला सांगितलं, दुकानाशेजारच्या मेडिकलवाल्याला सांगितलं, रिक्षा स्टँडवर सांगितलं. सगळे हसले. माझ्या सनी मोपेडवरून घरी जाताना मी गाणं म्हणत होते. मला इतकं बरं वाटलं होतं, की खोटं कशाला बोलू, आयुष्यात फार थोड्या वेळा तेवढं बरं वाटलंय. निघताना मी त्याला दम दिला होता, बाईंना हात लावलात तर याद राखा. वेणूबाईंच्या तोंडाकडे बघायचं मात्र मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाईंचा फोन आला. वेणूबाई त्यांच्याकडे होत्या. मी गेले तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, डावा हात ओल्या फडक्यात. फडकं काढलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वांग्याच्या रंगाचं, फुगलेलं, टोकं भलतीकडेच वळलेली.

कॉम्प्युटरच्या टेबलाला कीबोर्डचा सरकता खण असतो. कोंडीरामनं त्या खणाच्या कडेवर त्यांची बोटं धरली आणि पायानं खण आत ढकलला. आधी एक, मग दुसरं. घाई केली नाही. मथुराबाईंना भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. तो म्हणत होता, ही तिच्या थापडीची. ही तिच्या पत्र्याची.

 मी रागानं वेडी झाले, पुन्हा तिकडेच धावणार होते. वेणूबाईंनी उजव्या हातानं माझी ओढणी धरली आणि म्हणाल्या, "आता पुरे." म्हणून मी त्यांना चौकीवर घेऊन गेले. मला वाटलं, बोटं दाखवली की काम झालं. हवालदारांनी रजिस्टर उघडलं तर कोंडीराम आदल्या संध्याकाळीच डोक्याला पट्टी बांधून येऊन गेला होता. घरात घुसून मारहाण, साक्षीदार मथुराबाई.

"पहिला हात कुणी उचलला?" हवालदारांनी विचारलं.

"मी."

"मग झालं की. दोन्हीकडून मारामारी आहे. तुमच्यावरची केस वाढवायची का? घरी जा, नवरा-बायकोचं मिटवून घ्या." त्यांनी रजिस्टर मिटलं आणि चहावाल्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर मी वेणूबाईंना म्हटलं, मला राहवलं नाही, तो तुम्हाला पिळत होता, मी कशी बघत राहणार होते? त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. अंगात ताप होता, तरी आवाज चढवला नाही. "तुम्ही त्याला दोन मारल्या आणि घरी गेलात," त्या म्हणाल्या. "मी कुठे जाणार होते?" आजवर त्या नवऱ्याला 'हे' म्हणायच्या. त्या दिवसापासून 'तो' झाला.

मी रस्त्यात उभी राहून रडले. चिडकी बाई रडायला लागली की फार वाईट दिसते, पण त्याला इलाज नव्हता.

दवाखान्यात प्लास्टर घालायचं म्हणाले. वेणूबाई म्हणाल्या, सोमवारी घाला, रविवारी परीक्षा आहे. डॉक्टर आधी चिडले, मग त्यांनी दोन बोटांना पट्टी लावून घट्ट चिकटपट्टी गुंडाळली. मी वेणूबाईंना माझ्या घरी आणलं. आईनं एक गादी जास्त घातली. पुढचे तीन दिवस वेणूबाई माझ्या दुकानात सकाळपासून शटर पडेपर्यंत आठ बोटांनी सराव करत होत्या. इतकी वर्षं जी अक्षरं डाव्या करंगळीवर होती ती तर्जनीवर आणायची, म्हणजे हाताला नव्यानं चालायला शिकवायचं. चुकून करंगळीच टेकली की त्या डोळे मिटायच्या, दात आवळायच्या आणि पुढे टाइपत राहायच्या. गुरुवारी बावीस आला. शुक्रवारी पंचवीस. शनिवारी अठ्ठावीस. मी घड्याळ हातात धरून बसायचे आणि दर मिनिटाला मला माझ्याच कानाखाली मारावीशी वाटायची.

रविवारी मी त्यांना सनीवर मागे बसवून केंद्रावर नेलं. आत सोडत नव्हते, म्हणून बाहेर फाटकाशी थांबले. मी काही नवस करणारी बाई नाही, पण त्या दिवशी मनात काय काय म्हटलं ते सांगवत नाही. सव्वा तासानं त्या बाहेर आल्या. हात छातीशी धरलेला, चिकटपट्टीतून रक्त पाझरलेलं.

"तिथेच सांगतात," त्या म्हणाल्या. "सत्तावीस."

ऑक्टोबरात वय उलटून गेलं. ज्या जागेसाठी वेणूबाईंनी सात वर्षं चोरून सराव केला ती तीन शब्दांनी गेली, आणि ते तीन शब्द माझ्या हातानं गेले. हे मी फिरवून फिरवून बघितलंय. ते दुसरं काही होत नाही.

मी माफी मागितली. वेणूबाईंनी नीट ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "माफी राहू द्या. टेबल द्या."

"म्हणजे?"

"तुमच्या दुकानात एक टेबल, एक मशीन. प्रबंध, अर्ज, सोसायट्यांची पत्रं, काय येईल ते टाइप करीन. तुमच्यामुळे गेलं, तेव्हा तुम्हीच द्यायचं. आणि मी परत तिकडे जाणार नाही, हे त्याला कळलं की तो इथे येणार, तेही ध्यानात ठेवा."

पुण्यात एवढं सरळ मागणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही. मी दाराजवळ टेबल मांडून दिलं. प्लास्टर घातलेल्या हातानं त्या कामाला बसल्या. दसऱ्याच्या आत त्यांच्याकडे दोन प्राध्यापक आणि एक वकील नेमानं यायला लागले, आणि माझ्याहून त्यांच्याकडेच जास्त गर्दी असायची. करंगळी वाकडीच जुळली. 

कोंडीराम आला तो दिवाळीच्या आधी आठ दिवस, दुपारी चारच्या सुमाराला. मी आतल्या बाजूला एक बोर्ड जोडत होते, हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न. तो पायऱ्या चढून आला, बूट काढले नाहीत. वेणूबाईंची वेणी मनगटाला एक फेरा देऊन धरली आणि त्यांना खुर्चीतून मागे खेचलं. खुर्ची आडवी झाली. त्यांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी उठले. तापल्या टोकाचं आयर्न हातात होतं आणि त्याची मान माझ्यापासून तीन हातांवर होती. कुठे टेकवायचं ती जागासुद्धा मी ठरवली होती, कानाच्या मागे.

"ललिता," खालून वेणूबाई म्हणाल्या. ताई नाही, नुसतं ललिता. "हात लावू नकोस. फोन कर."

कोंडीराम माझ्याकडे बघून हसला. त्याला सगळं माहीत होतं. "ये की," तो म्हणाला. "मारतीस ना? ये, मार." आणि माझ्याकडे बघत बघतच त्यानं वेणूबाईंच्या तोंडावर मारली. त्यांचा ओठ फुटला. तो माझी वाट बघत होता. मी एकदा त्याला हात लावला असता तर चौकीतलं रजिस्टर पुन्हा तसंच मिटलं असतं, आणि तो वेणी धरून त्यांना घरी घेऊन गेला असता.

मी आयर्न स्टँडवर ठेवलं. ठेवताना माझीच बोटं भाजली, ते नंतर कळलं. फोन उचलला आणि चौकीचा नंबर फिरवला. तिकडे घंटी वाजत होती आणि इकडे तो वेणूबाईंच्या बरगडीत बुटानं मारत होता. एक. दोन. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं. मी दुकानाचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, खूण सांगितली. माझा आवाज अजिबात कापला नाही. तीन. "या," मी म्हणाले, "मारतोय. आत्ता मारतोय." दुसऱ्या हातानं मी टेबलाची कड धरली होती, सुटू नये म्हणून. मला तो मेलेला हवा होता. हे मी कुणालाही सांगेन.

मेडिकलवाला आणि स्टँडवरचे दोन रिक्षावाले धावत आले. त्यांनी त्याला उचलून बाहेर काढलं आणि फुटपाथवर दाबून धरलं. तेव्हाही तो माझ्याकडेच बघून शिव्या देत होता, की ये, आता ये. मी जागची हलले नाही.

हवालदार वीस मिनिटांत आले. चौकी दुसरी, माणूस वयस्कर. त्यांनी रक्त बघितलं, आडवी खुर्ची बघितली, मेडिकलवाल्याचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेखी द्यावं लागेल."

वेणूबाईंनी खुर्ची सरळ केली आणि कीबोर्ड पुढे ओढला. मी म्हटलं, आधी दवाखान्यात जाऊ. त्या म्हणाल्या, आधी हे. ओठाला माझी ओढणी लावून त्यांनी तारीख, वेळ, पत्ता टाइप केला. मग लग्नापासूनचं, खणात मोडलेल्या बोटांचं, आजचं. हवालदार मागे उभं राहून वाचत होते. दीड पान झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"पहिला हात कुणी उचलला?"

"त्यानं."

"आणि ह्यांनी? तुम्ही?"

"ह्यांनी नाही. मीही नाही."

"तुम्ही समोरच होता?"

"तीन हातांवर."

"मग तो मारत असताना तुम्ही काय केलंत?"

मेडिकलवाला बघत होता, रिक्षावाले बघत होते. याच लोकांना मी हँग झालात का ते हसून सांगितलं होतं. माझ्या भाजलेल्या बोटांची आग होत होती.

"काही नाही," मी म्हणाले. "मी काही केलं नाही."

वेणूबाईंनी तेही टाइप केलं.